सतरा नंबरचा फॉर्म आणि पत्त्यांचं बेट

१ जुलै, मंगळवार

यावर्षी दहावी करून टाकतो. फायनल.

शाळेत बसायची गरज नाही. बाहेरून परीक्षा देता येते. त्याले सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. मेघानं सांगितलं. मेघा माझी मोठी बहीण. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहे, म्हणून घरातले सगळे पेशंट आहेत असं तिले वाटते.

प्लॅन असा. एक, जुन्या शाळेतून टी.सी. काढायची. दोन, फॉर्म भरायचा. तीन, अभ्यास. चार, पास. फक्त चार स्टेप. लोक उगाच दहावीचं टेन्शन घेतात.

शेवटची तारीख ३० ऑगस्ट. म्हणजे दोन महिने. एका कागदाले दोन महिने लय झाले. शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. उद्या सकाळी जातो, जेवायच्या आत मोकळा.

२ जुलै, बुधवार

गेलो नाही. सकाळी पाऊस येईल असं वाटून राहिलं होतं. आला नाही, पण तोवर अकरा वाजले.

दुसरं म्हणजे, टी.सी. मागायची तर ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहून बोलावं लागते. बोलायले मन शांत पाहिजे. माझं मन शांत नाही हे मले मान्य आहे. माणसानं आपली कमजोरी ओळखावी आणि तिच्यावर काम करावं.

म्हणून आईच्या मोबाइलवर एक गेम टाकला. पत्त्यांचा. एकट्यानं खेळायचा. खाली लिहिलं होतं का यानं मन शांत होते.

आठ-दहा दिवस हा कोर्स करतो. मग शाळेत.

४ जुलै, शुक्रवार, दुपारी २

गेमचं नाव इंग्रजी आहे आणि लांब आहे. मी नुसतं बेट म्हणतो.

सोपं आहे. खाली एक पत्ता उघडा असते. वरून त्याच्यापेक्षा एकानं मोठा नाहीतर एकानं लहान पत्ता उचलायचा. सत्तीवर अठ्ठी, अठ्ठीवर नव्वी, वाटलं तर परत अठ्ठी. सगळे पत्ते उचलले का लेव्हल पार. मागं समुद्र, नारळाची झाडं, दोन झाडांच्या मधात झुला. लेव्हल पार झाली का बेटावर आपल्याले एक वस्तू मिळते. आज छत्री मिळाली. समुद्र मी पाहिला नाही. कोराडीचा तलाव पाहिला. मले वाटते फरक फक्त नारळाचा आहे.

एक पोपट आहे. आपण जिंकलो का तो वेल डन म्हणते. हरलो का रिलॅक्स म्हणते. असे सर असते तर मी शाळा सोडली नसती.

सुरुवातीले पाच नारळ असतात. हरलो का एक जाते. पाचही संपले का वीस मिनिटांनी एक परत येते. यातून मले टाइमटेबल सुचलं. नारळ यायची वाट पाहता पाहता वीस मिनिट अभ्यास. असं दिवसातून दहा वेळा. दोनशे मिनिट होतात. शाळेत जाणारेही एवढा करत नाहीत.

४ जुलै, संध्याकाळी ६

जाहिरात पाहिली तर नारळ लगेच मिळते. हे दुपारी माहीत नव्हतं.

टाइमटेबल बदलावं लागेल.

७ जुलै, सोमवार

आज शाळेच्या गेटपर्यंत गेलो. पन्नास टक्के काम झालं.

आत जायच्या आधी एका गोष्टीचा विचार करणं भाग होतं. मी शाळा काहून सोडली हे तिथं सगळ्यांले माहीत आहे. नववीत असताना २६ जानेवारीच्या कार्यक्रमात सरांनी मले आभारप्रदर्शन दिलं. पाठ होतं. कागदही खिशात होता. माइकसमोर गेलो आणि म्हटलं, आभार. त्याच्यापुढचं आलं नाही. कागद काढायचं सुचलं नाही. तसाच उभा राहिलो. पाहुणे पाहून राहिले. मग एका मॅडमनं माझा हात धरून मले खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. म्हटलं लोक विसरले का जाऊ.

दीड वर्ष झालं. अजून ताजं असणार. गेटवरच्या वॉचमननं माझ्याकडे पाहिलं. नक्की ओळखलं. त्यानं विचारलं, काय पाहिजे बे. मी पुढं चालत गेलो, चक्की लागली, तिथून परत आलो.

लेव्हल ३१. आज लाकडी खुर्ची मिळाली.

१० जुलै, गुरुवार

आजपासून बुद्ध विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. तीन महिने रोज संध्याकाळी. वस्तीतले लोक बसतात आणि पाळीपाळीनं एक एक पान मोठ्यानं वाचतात. इंदुताई सगळं पाहतात. त्या आधी शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या, पण आवाज रिटायर झाला नाही.

आई म्हणे, अंकुश, चाल सोबत. मी म्हटलं, पाय दुखते. ती म्हणे, वाचायले पाय कुठं लागतात गा. मी म्हटलं, जायले लागतात.

आई सकाळी कॉलनीच्या मेसमध्ये पोळ्या करायले जाते तेव्हा मोबाइल घरीच ठेवते. कणकेच्या हातानं कशाले पाहिजे म्हणते. आता संध्याकाळचाही ठेवून जाईल. परिस्थिती अभ्यासाले अनुकूल आहे.

लेव्हल ४८.

११ जुलै, शुक्रवार

काल आईची पाळी आली म्हणे. तिनं अख्खं पान वाचलं. तीन ठिकाणी अडकली, पण वाचलं. इंदुताई म्हणाल्या, सुहासिनी, तू तर शिकलेल्यासारखी वाचतं वं. आईनं हे घरी आल्यावर मले सांगितलं, बाबांले सांगितलं, मेघाले फोनवर सांगितलं आणि शेजारी दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बाईलेही सांगितलं. आई माहेरी खाप्याले आठवीपर्यंत शिकली. मग लग्न झालं.

तिच्यासाठी ठीक आहे. माझ्यासारख्याले एका पानाचं एवढं कौतुक वाटत नाही.

१४ जुलै, सोमवार

रजत आला होता. माझ्या वर्गात होता, आता अकरावीले आहे. आईनं दार उघडलं, मी झोपलो. म्हणजे डोळे मिटले. तो म्हणे, काकू, हा दुपारी चारले झोपते का? आई म्हणे, नाही बापा, हा दुपारी चारले उठते.

मग तो माझ्या कानापाशी येऊन म्हणे, उठ बे, पापण्या हलून राहिल्या. उठलो. तो म्हणे फॉर्म भरला का. मी म्हटलं प्रोसेस सुरू आहे. तो म्हणे चाल, मी येतो सोबत टी.सी.साठी. मी म्हटलं तिथं लोक मले अजून हसतात. तो म्हणे कशाले? मी आभाराचं आठवून दिलं. त्यानं लय विचार केला आणि म्हणे, तो तू होता का? मले वाटलं दुसऱ्या तुकडीतला कोणी.

चांगला मित्र आहे. माझं मन राखायले खोटं बोलला.

१८ जुलै, शुक्रवार

आई मेसवरून येता येता माझ्या शाळेत चौकशी करून आली. आपल्या मनानं. मी सांगितलं नव्हतं.

तिथं ऑफिसात गोपाळराव म्हणून बाबू आहेत. त्यांनी तिले सगळं समजावून सांगितलं. टी.सी.साठी मुलानं स्वतः यावं, रजिस्टरवर सही करावी, घेऊन जावी. मग ऑनलाइन फॉर्म. आधार आणि फोटो लागते. मग प्रिंट त्यांच्याकडेच आणून द्यायची. आई म्हणे, तुले स्वतः जावं लागते, समजलं का? मी म्हटलं, हाव. ती म्हणे, काय समजलं सांग. तेव्हा बादशाहावर राणी आणि राणीवर गुलाम अशी लाइन लागून राहिली होती. मी परत म्हटलं, हाव.

गोपाळराव चांगले आहेत म्हणे. रागावत नाहीत. तरी पण.

लेव्हल ९७. ही थोडी कठीण आहे. सोमवारी शाळेत जातो.

२१ जुलै, सोमवार

९७ वरच आहे. अर्ध्यात सोडून जाणं मनाले पटत नाही. शंभरचा आकडा झाला का तोच शुभ मुहूर्त.

२२ जुलै, मंगळवार

आईनं विचारलं, अंकुश, हा फॉर्म किती वयापर्यंत भरता येते रे? मी म्हटलं, मले काय माहीत. ती म्हणे, गोपाळरावांले विचारतो मग.

तिले माझ्या वयाची चिंता लागली. मले सतरावं चालू आहे. एवढंही काही झालं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो, कारण पुढं कोणी वेगळं सांगू शकते.

९७ वर आठ दिवस झाले. शेवटी खाली पंजी उघडी होती आणि वर सहा पत्ते राहिले होते. मी पाणी प्यायले उठलो. आई वांग्याची भाजी ढवळून राहिली होती, मोबाइल बाजूले होता. परत आलो तर पोपट वेल डन म्हणून राहिला होता.

मी म्हटलं, तू काय केलं? ती म्हणे, काही नाही, हा छक्कीवाला आधी काढला, मग त्याच्या खालचा मोकळा झाला. तू वरचे वरचे काहून उचलतं? खाली कोण दबलं आहे ते पाहावं नं आधी. आणि मग म्हणे, मीठ चाखून पाह्य जरा.

याचं विश्लेषण असं का आठ दिवस मी त्या लेव्हलले थकवलं होतं. तिनं फक्त शेवटचा हात लावला. तरी मी मोठ्या मनानं काही बोललो नाही.

मीठ बरोबर होतं.

२८ जुलै, सोमवार

आज गेलो!!

तयारी करून गेलो. काल पोपटासमोर दहा वेळा म्हणून पाहिलं, सर, मले टी.सी. पाहिजे. चारच शब्द आहेत, सर धरून. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. गेटवर वॉचमन नव्हता. सरळ खिडकीपाशी. आत चष्म्यावाले एक म्हातारे बाबू, म्हणजे गोपाळरावच. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, काय पाहिजे बेटा?

मी म्हटलं, सर, किती वाजले?

ते म्हणाले, साडेअकरा.

मी म्हटलं, थँक यू. आणि आलो.

घड्याळ त्यांच्या डोक्यावरच लावलेलं होतं, हे नंतर लक्षात आलं. पण पाहायचं असं का संवाद झाला. मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, मी आभार मानले. दीड वर्षात पहिल्यांदा त्या शाळेत मी पूर्ण बोललो. आता फक्त विषय बदलायचा आहे.

संध्याकाळी मेघाले फोनवर सांगितलं. ती इतकी हसली का तिच्या हॉस्टेलच्या पोरी विचारायले आल्या. मग तिनं त्यांलेही सांगितलं.

लेव्हल ११०. आज नाव मिळाली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आई सुटी घेऊन खाप्याले गेली होती. सकाळच्या बसनं. तिथं मामा राहतो. मोबाइल सोबत घेऊन गेली, त्यामुळं दिवसभर मी मोकळाच होतो. खिडकीतून कोळशाचे ट्रक मोजले. सत्तावीस.

आई संध्याकाळी आली ती एकदम खूश. म्हणे, एका दिवसात काम झालं. जुनी रजिस्टरं काढायले लावली, एक शिपाई तर म्हणे, बाई, पुढच्या आठवड्यात या. मी म्हटलं, मी इथंच बसतो, तुम्ही पुढच्या आठवड्यापर्यंत शोधा. दोन तासांत सापडलं. आणि पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला आणि म्हणे, ही पाह्य टी.सी.

नारळ भरलेले होते, दिवसभराचे वाया गेले असते, म्हणून कागद हातात घेऊन पाहता आला नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं. टी.सी. आली.

माझी टी.सी. खाप्याहून कशी मिळाली हे नीट समजलं नाही. आजकाल सगळं ऑनलाइन आहे, कुठूनही निघत असेल.

आईचे उपकार आहेत. फॉर्म तिच्याकडेच सोपवलेला बरा. तिले जमते हे. आपण आपल्या बाजूनं मन शांत ठेवायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईनं स्टुडिओत जाऊन पासपोर्ट फोटो काढले. निळी साडी नेसून. आठ कॉपी. फोटोवाल्यानं हसू नका म्हटलं तरी हसलीच म्हणे.

पालकाचाही फोटो लागत असेल. नियम कडक झाले.

माझा फोटो तिनं मागितला नाही. आधार कार्डावर आहेच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी फॉर्मच्या कामात प्रत्यक्ष मदत केली.

आई ऑनलाइन सेंटरवर गेली होती. तिथून तिनं बाबांच्या मोबाइलवरून फोन केला, का घरच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल तो सांग. डाव रंगात होता. तरी मी डाव थांबवून सहा आकडे वाचून दाखवले. ती म्हणे, हळू सांग. परत सांगितले. ती म्हणे, झालं, भरला. मागून बाबांचा आवाज आला, वा. बाबा थर्मल पॉवर स्टेशनले ठेकेदाराकडे कामाले आहेत, शिफ्ट करतात, बोलायची एनर्जी वाचवून ठेवतात. त्यांच्या तोंडून वा म्हणजे लय झालं.

ऑनलाइन भरला गेला. दुसरी स्टेप झाली. प्लॅनप्रमाणे.

१३ ऑगस्ट, बुधवार

मेघा सुटीवर आली. ती आणि आई प्रिंट घेऊन शाळेत निघाल्या. मेघा म्हणे, अंकुश, तुझं काय? अजून वेळ आहे, चाल आमच्यासोबत, गोपाळरावांसमोर मी बोलतो, तू फक्त सही कर. आई म्हणे, चाल नं गा. मी म्हटलं, पाच मिनिट. त्या चपला घालून दारात उभ्या. मेघा म्हणे, याचे पाच मिनिट म्हणजे वेगळंच कॅलेंडर आहे. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, आलोच.

डाव संपायले पाऊण तास लागला. मग म्हटलं आता त्या परतच येत असतील, रस्त्यात चुकामूक होईल.

तशी माझी सही लागली तर तयार असावी म्हणून मी घरी सराव केला. मराठीत तीन प्रकारच्या, इंग्रजीत दोन. इंग्रजीतली दुसरी चांगली वाटते, मोठ्या साहेबासारखी. वाचता येत नाही.

त्या आल्या तर आई म्हणे, दिला फॉर्म. गोपाळरावांनी उभं राहून पावती दिली. मी म्हटलं, अभिनंदन. माझंच होतं, पण तिनं मेहनत घेतली.

मेघानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. म्हणे, तुले काहीच वाटत नाही का बे? मी म्हटलं, आनंदच वाटते. ती म्हणे, बाप्पा.

लेव्हल २०३.

१८ ऑगस्ट, सोमवार

घरात नवीन वातावरण आहे. इंदुताईंनी दहावीची पुस्तकं पाठवली. त्यांच्या नातीची, खाली पेन्सिलनं रेघा मारलेली. आई ती चाळत बसते. माझ्याआधी अभ्यासक्रम पाहून घेऊन राहिली, म्हणजे मले अडलं तर सांगता यावं. अशी आई सगळ्यांले मिळत नाही.

आज तिनं विचारलं, यात हा एक्स कशाले टाकला? मी म्हटलं, जे माहीत नाही त्याले एक्स म्हणतात. ती म्हणे, मग तुझ्या फॉर्मचं काय करू? मी म्हटलं, दिला नं. ती काही बोलणार तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि बाबा शिफ्टवरून आले.

पुस्तकं मी तिच्याकडंच ठेवली आहेत. वेळ आली का घेतो. परीक्षा मार्चले आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज शहरात मारबत. मेघा मैत्रिणींसोबत पाहायले गेली होती. लय गर्दी म्हणे. काळी आणि पिवळी मारबत म्हणजे मोठे पुतळे निघतात, लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मेघा घसा बसवून आली. दारातूनच माझ्याकडं बोट दाखवून म्हणे, मी तुझ्या बेटाचं नाव घेतलं तिथं. बेट घेऊन जा गे मारबत! आजूबाजूच्या लोकांले वाटलं काही सरकारी योजना आहे, तेही ओरडले.

बाबा हसले. बाबा हसले म्हणजे आवाज नाही येत, फक्त खांदे हलतात.

मारबतीनं काही नेलं नाही. लेव्हल २४४.

२८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या-परवा एकदा पावती पाहून घ्यावी म्हणतो. नाव बरोबर टाकलं का ते. लोकांच्या नावात चुका होतात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

लेव्हल ३००. बेट पूर्ण झालं. झोपडी, नाव, झुला, शेकोटी, सगळं. आता नवीन बेट येईपर्यंत थांबा असं लिहून आलं. पोपटही गप्प आहे.

किती दिवसांनी वर पाहिलं तर आई समोर बसून पुस्तकातलं मोठ्यानं वाचून राहिली होती. मी म्हटलं, आई, फॉर्मचं पक्कं झालं नं? ती म्हणे, कोणाच्या? मी म्हटलं, आपल्या. ती म्हणे, माझ्या हाव. तुझं मी काय सांगू. चार वेळा म्हटलं चाल, तुझी सही लागते.

मले वाटलं थट्टा करून राहिली. पावती मागितली. तिनं डब्यातून काढली.

सुहासिनी प्रेमानंद गजभिये. निळी साडी. हसलेली.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळीच जायले पाहिजे होतं. पण काय बोलायचं ते ठरवता ठरवता साडेबारा झाले. मग विचार सोडला आणि पळालो. खरोखर पळालो. वॉचमन ओरडला, मी थांबलो नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. हे मले आठवायले पाहिजे होतं, नऊ वर्ष शाळेत गेलो. खिडकी बंद होती. गोपाळराव पोर्चमध्ये स्कूटरले किक मारून राहिले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, सर, मले टी.सी. पाहिजे, मी अंकुश प्रेमानंद गजभिये, मले सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे, आजच. एका दमात. एवढं मी जन्मात कोणाशी बोललो नाही.

त्यांनी स्कूटर बंद केली. म्हणे, सुहासिनीताईंचा मुलगा का? मी म्हटलं, हाव. ते म्हणे, हुशार आहे बाई. मी म्हटलं, हाव. ते म्हणे, दीड महिना तुझं रजिस्टर काढून ठेवलं होतं बेटा, तुझ्या आईनं सांगितलं होतं येईल म्हणून. टी.सी. सोमवारी ये, देतो. फॉर्मची मुदत आज संपली. ती माझ्या हातात नाही. मग खिशातून रुमाल काढून माझ्याकडं धरला. मले वाटलं घाम पुसायले. मग समजलं कशाले.

ते म्हणे, पुढच्या जुलैत पहिल्या दिवशी ये. मी म्हटलं, येतो.

घरी आलो तर आईनं ताट वाढलं. मी म्हटलं, गोपाळरावांशी बोललो. ती म्हणे, काय विचारलं या वेळेस, तारीख का?

मग तिलेच वाईट वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. म्हणे, मी एकटी कशी बसू रे परीक्षेले, मले वाटलं दोघं बसू. मले मधातच भीती वाटली तर?



१ सप्टेंबर, सोमवार

टी.सी. आणली. सही इंग्रजीतली दुसरी केली. गोपाळराव म्हणे हे काय आहे. मराठीत परत केली.

मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून आईनं बेट काढून टाकलं. तिले धड्यांच्या पीडीएफ ठेवायच्या आहेत. मले विचारून काढलं. मी म्हटलं, काढ.

संध्याकाळी तिनं ही वहीही मागितली. मागची पानं कोरी आहेत, गणिताले होतात म्हणे. मी म्हटलं, समोरची फाडून देतो. ती म्हणे, राहू दे गा, वाचली मी. अक्षर चांगलं आहे तुझं.

मग मागच्या पानावर तिनं पहिलं उदाहरण सोडवलं. चुकलं आहे. कंस सोडताना उणेचं अधिक करायचं राहिलं. नववीत हे मले येत होतं. ती माझ्याकडं पाहून राहिली आणि म्हणे, बरोबर आहे का सर?

विहारात जायची वेळ झाली तरी ती उठून नाही राहिली. उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणते.